मला न येणारा माझा वास

परफ्यूमच्या बाबतीत माझं काही ठरलेलं नसायचं. कुणी भेट दिलेली बाटली संपेपर्यंत वापरायची, ती संपली की हाताला लागेल ती दुसरी. मग ऑफिसमधल्या एक बाई बदलून गेल्या. त्यांच्या ड्रॉवरमध्ये राहिलेला स्कार्फ कुणीतरी बाहेर काढला आणि आम्हा तिघींच्या तोंडून एकदम त्यांचं नाव आलं. आपलंही असं काहीतरी असावं, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

सुरुवात फसली. दुकानात कागदी पट्टीवर लिंबा-संत्र्यासारखा ताजा वास आला, मी भाळले, बाटली घेतली. रस्त्यात त्यातून गोडसर फुलं वर आली आणि घरी पोचेपर्यंत उरला तो नुसता व्हॅनिला, तोही असा की मी डोकं धरून बसले. परफ्यूममधले हलके रेणू आधी उडून जातात, मग फुलांचे, आणि लाकूड, राळ, कस्तुरी, व्हॅनिला असे जड वास शेवटपर्यंत मुक्काम ठोकतात. दुकानात आपण पहिल्या पंधरा मिनिटांवर भुलून पैसे मोजतो आणि पुढचे सहा तास नको त्या पाहुण्याबरोबर काढतो.

पुढच्या खेपेला एका दिवसात नऊ वास घेतले. पाचव्यानंतर सगळं सारखंच. विक्रेतीने कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली, तर नाकात आणखी एक वास वाढला, एवढंच. स्वतःच्याच बाहीत नाक खुपसल्यावर मात्र जरा बरं वाटलं.

मग नियम केला: दिवसाला दोनच, एकेका मनगटावर एकेक, आणि रात्री झोपेपर्यंत निकाल द्यायचा नाही. एक वही केली. त्यात 'तीन वाजता: ओलं लाकूड. रात्री: साबण' असल्या नोंदी आहेत. एका चमेलीपुढे लिहिलंय, 'छान, पण आत काहीतरी कुजतंय.' नंतर वाचनात आलं की चमेलीत इंडोल नावाचं रसायन असतं आणि तेच विष्ठेतही असतं. नाक बिचारं खरं बोलत होतं.

दोनेक महिन्यांनी एका दुकानात मी एक टेस्टर उचलला. "मॅडम, ते जेन्ट्सचं आहे," विक्रेती म्हणाली. मी तरीही डाव्या मनगटावर मारलं. संध्याकाळी दादाकडे जायचं होतं. मी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि तो बोलता बोलता थांबला. माझा हात धरून मनगट नाकाशी नेलं.

"अगं, बाबा दाढी करून आलेत असं वाटतंय."

मला दुकानात नुसतंच 'आवडलं' होतं. त्याने म्हटल्यावर सगळं समोर आलं. आरशाच्या कडेला उभा केलेला ओला ब्रश, बाबांच्या कानाच्या पाळीखाली हमखास राहून जाणारा फेसाचा ठिपका, आणि तो पुसायला टॉवेल घेऊन उभी असलेली मी. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

इतर संवेदना मेंदूत थॅलॅमसच्या चौकीतून पुढे जातात. वासाची वाट मात्र घ्राणकंदातून, म्हणजे नाकाकडून येणारे संदेश घेणाऱ्या मेंदूच्या भागातून, भावना आणि स्मरणाच्या भागांकडे जवळजवळ थेट जाते. माझा घसा आधी दाटला आणि कारण नंतर कळलं, ते बहुधा यामुळेच.

त्या वासाच्या घराण्याला 'फुजेर' म्हणतात, फ्रेंचमध्ये म्हणजे नेचा, फर्न. १८८२ मध्ये पॉल पार्के यांनी उबिगाँ या परफ्यूम कंपनीसाठी 'फुजेर रोयाल' नावाचं परफ्यूम केलं, त्यात प्रयोगशाळेत बनवलेलं कुमारिन वापरलं. कुमारिन म्हणजे कापून वाळत घातलेल्या गवताचा वास. लव्हेंडर, ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारं दगडफुलासारखं काहीतरी) आणि कुमारिन हा मेळ पुढे दाढीच्या साबणांत रुळला. गंमत म्हणजे नेच्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. आमचे बाबा परत आले ते कुणीतरी मनाने रचलेल्या वासातून.

अर्थात ती बाटली मी घेतली आणि रोज वापरायला लागले. शोध संपला, असं सगळ्यांना सांगूनही झालं. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की तो वास आला की मला लिफ्ट आठवते, मीटिंग आठवते, लॅपटॉपची बॅग आठवते. बाबा येईनासे झाले होते. रोजच्या वापराने मी ती आठवण खरवडून काढत होते. त्याच दिवशी बाटली खोक्यात घालून कपाटात ठेवली. उजेड आणि उष्णतेपासून दूर ठेवली की परफ्यूम जास्त टिकतो, पण मी ती त्यासाठी ठेवली नव्हती. आता वर्षातून एखाद्या वेळी नुसतं झाकण काढते.

वही पुन्हा चाळली. अगदी सुरुवातीच्या पानावर एक नोंद होती: 'वाळा. सुकी मुळं, थोडा धूर. काहीच आठवत नाही.' हा तेव्हा दोष वाटून मी तो खोडला होता. तोच घेतला.

पहिल्या महिन्यात मी त्याचाही घोळ घातला. फवारल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मला तो येईनासा व्हायचा, म्हणून माल हलका आहे असं समजून मी दोनाचे पाच फवारे केले. शेजारच्या टेबलावरची मुलगी काही न बोलता उठून खिडकी उघडायची. सततच्या वासाची नाकाला सवय होते आणि ते दखल घेणं सोडून देतं, हे आठवल्यावर मी गुपचूप दोनावर आले.

मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरचा मुलगा एक फाइल घेऊन आला. "मीटिंग रूममध्ये राहिली होती. नाव नाहीये, पण तुमचीच असणार."

तो गेल्यावर मी फाइल उघडून नाकाशी धरली. मला नुसता कागदाचा वास आला.