उसनवारीची वही

रविवार पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. नवी भांडी विकतो, जुनी मोडीत घेतो. गेली काही वर्षं मोडीचं काम फार वाढलंय, कारण पुण्यातल्या जुन्या सोसायट्या एकामागून एक रीडेव्हलपमेंटला चालल्यात. जागा रिकामी करायची तारीख ठरली की लोकांना आधी माळा आठवतो. मग आम्हाला फोन येतो, "काटा घेऊन घरीच या, सगळं काढायचंय."

असाच एक फोन सहकारनगरमधून आला. पानशेतच्या पुरात ज्यांची घरं गेली त्यांना नंतर जागा मिळाल्या, त्यातली ती सोसायटी. चार दिवसांत घर रिकामं करायचं होतं. दुकानातल्या मुलाला घेऊन मी सकाळी साडेनऊला पोचलो.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हंडे, कळश्या, घंगाळ, तांब्याचा बंब, पितळी पिंप, उतरंडीचे डबे, एकात एक बसवलेली सतेली, ओगराळी, झारे. आठ पराती, त्यातली सगळ्यात मोठी दारातून तिरकी करूनच बाहेर काढावी लागली. दुसऱ्या भिंतीला स्टीलचा ढीग. त्यात हळदीकुंकवाला आलेल्या वाट्या आणि डब्या, कित्येकांवरचे कागदी स्टिकरही निघाले नव्हते. हे सगळं एका दोन खोल्यांच्या घरातून निघालं होतं.

आमचं काम ठरलेलं असतं. आधी धातू वेगळे करायचे: तांबं, पितळ, कासं, स्टील, जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. लोखंडी कड्या आणि बंबाची जाळी काढून टाकायची, नाहीतर वजनात येते. डाक लावलेली, म्हणजे दुसरा धातू वितळवून सांधलेली, भांडी बाजूला. मग काटा. भांड्यांवरची नावं आम्ही वाचत नाही. वाचत बसलो तर दिवसाला एक घरसुद्धा उरकणार नाही.

आजी खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. वय पंच्याऐंशी. नजर अधू झालेली, पण मुलानं भांडं उचललं की म्हणायच्या, "इकडे दे." काठावरून बोट फिरवायचं आणि सांगायचं, "हे आत्याबाईंचं. काठाला खोच आहे बघ. बारशाला आणलं होतं." मी पाहिलं, खरंच खोच होती. खाली छिन्नीनं ठोकलेली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. हल्ली मशीननं नाव घालतात, ते दोन वर्षांत पुसट होतं. ही अक्षरं साठ वर्षं घासूनही नखाला लागत होती.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आवाज न चढवता त्या मला म्हणाल्या, "बत्तीस वर्षं झाली मला या घरात येऊन. माझा म्हणून एक डबा ठेवायला फळी मिळाली नाही." मला त्यांचं मनापासून पटलं. अशा घरांत मी रोज जातो. वस्तूंनी माणसांच्या जागा घेतलेल्या असतात आणि त्याचा जाच बहुतेक घरातल्या बाईलाच होतो.

इतकी वर्षं मला वाटायचं की ही सगळी हाव आहे. धनत्रयोदशीला आमच्या दुकानाबाहेर रांग लागते. काय घ्यायचंय ते अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं, काहीतरी घ्यायचं एवढंच ठाऊक असतं. तीच भांडी पुढे माळ्यावर जातात आणि पन्नास वर्षांनी मोडीत माझ्याकडेच येतात. आजींचा ढीग बघून मी तोच हिशोब मनात मांडला होता.

मोठी परात काट्यावर ठेवली तेव्हा आजी म्हणाल्या, "थांब. तिचं वहीत बघायला पाहिजे." नातवानं कपाटातून लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही काढून दिली, किराणा दुकानात असायची तसली. मी उघडली. रेघा मारून चार रकाने केलेले: काय, कोणाकडे, कधी, परत. "परात मोठी १, झारे २. ब बिल्डिंग, वरचा मजला, मुंज. १२ मे १९७३." पुढे बरोबरची खूण. "घंगाळ १. समोरच्या, बाळंतिणीला." खूण. "सतेली ३, पिंप १. गणपती मंडळ." खूण. एका झाऱ्यापुढे खूण नव्हती. तो कोणाकडे राहिला हे आजींना अजून आठवत होतं. अशी पानंच्या पानं. सोसायटीत कुणाकडे कार्य निघालं की भांडी या घरातून जायची. नव्वदनंतर नोंदी विरळ होत गेल्या. मंगल कार्यालयं आली, केटरर आले, भांडी तेच आणायला लागले. १९९५ साली अख्ख्या वर्षात एकच नोंद होती, किसणीची. शेवटची १९९८ची.

म्हणजे हा ढीग सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचाच होता. त्याआधी तो ढीग नव्हता. निम्मी भांडी कायम कुणाच्या ना कुणाच्या घरी असायची. ती दाराबाहेर जायची थांबली आणि मग घरात अडचण झाली. भांडी तीच, वजन तेच. एवढी साधी गोष्ट मला बावीस वर्षं हा धंदा करून कळली नव्हती.

मग मी पहिलं पान उलटलं. पहिलीच नोंद उलटी होती, दिलेल्याची नाही, घेतलेल्याची: "जर्मनचं पातेलं १. कोणाचं ते माहीत नाही. जुलै १९६१." परतीचा रकाना रिकामा.

आजींनी सांगितलं. त्या तेव्हा नारायण पेठेत नदीकडच्या वाड्यात राहायच्या. १२ जुलैला पानशेत फुटलं, मग खडकवासला. सात महिन्यांचा मुलगा कडेवर घेऊन त्या पर्वतीकडे पळाल्या. दोन दिवसांनी यजमान वाड्याकडे जाऊन आले. वाडा बसला होता, नुसता चिखल. आदल्या वर्षीच्या लग्नातली सगळी भांडी गेली, चमचासुद्धा मिळाला नाही. एका शाळेत आसरा घेतला होता. तिथं एक अनोळखी बाई आली, हातात पातेलं दिलं आणि म्हणाली, "यात बाळाचं दूध तापव, मी नंतर घेऊन जाईन." ती आली तोवर यांना दुसरीकडे हलवलं होतं, किंवा ती आलीच नसेल. आजींना नाव विचारायचं सुचलं नव्हतं.

"मी तिला शोधायला तीनदा त्या शाळेत गेले," आजी म्हणाल्या. "मग ठरवलं, आपल्याकडे मागायला येईल त्याला नाही म्हणायचं नाही. आणि त्यासाठी घरात भांडं पाहिजे ना."

त्यांचे चिरंजीव, म्हणजे ते सात महिन्यांचं बाळ, आता चौसष्टीला आलेले. ते भिंतीला टेकून ऐकत होते. म्हणाले, "ते पातेलं मी दहावीत असताना टाकून द्यायला निघालो होतो, बुडाला पोचा आलाय म्हणून. आईनं पाठीत धपाटा घातला. का, ते आज कळतंय." सूनबाई काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि गॅसवरचं पातेलं रिकामं करून, धुऊन घेऊन आल्या. काळवंडलेलं, कान नसलेलं, दीड लिटरचं. सकाळचं दूध त्यातच तापलं होतं. मोडीत त्याचे पन्नास रुपयेही आले नसते.

नातू सत्तावीस वर्षांचा, बाणेरला आयटीत. त्याचे स्वतःचे एकोणीस खोके बांधून तयार होते. मला म्हणाला, "दादा, यातली निम्मी पार्सलं मी उघडलीपण नाहीत. आणि आजपर्यंत कुणी माझ्याकडे यातलं काही मागितलं नाही." एवढं बोलून वही हातात घेऊन तो बराच वेळ पानं उलटत बसला.

शेवटी वजन झालं. पितळ ९१ किलो, तांबं १४, कासं साडेचार, स्टील ५८. पैसे मी चिरंजिवांच्या हातात दिले. आजींनी ठेवून घेतलं ते एक जर्मनचं पातेलं. सूनबाईंनी स्वतःहून दोन सतेली बाजूला काढली.

मोठी परात मात्र आजी मोडीत द्यायला तयार होईनात. भट्टीत गेली की संपली, हे त्यांना माहीत होतं. नव्या भाड्याच्या घरात ती दारातूनच गेली नसती. थोडा वेळ त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या दुकानात लोक येतात ना रे बाळा? मग उसनी ने. कुणाकडे कार्य असलं, कुणी मागितली, तर दे."

नातवानं पेन दिलं. १९९८च्या नोंदीखाली मी लिहिलं: परात मोठी १. पुढे माझं नाव, दुकानाचा पत्ता, फोन नंबर, तारीख. आजींनी वही डोळ्यांजवळ नेऊन अक्षर लागतंय का ते पाहिलं.

"आणि परत आणशील तेव्हा चिंचेनं घासून आण," त्या म्हणाल्या. "पावडरीनं नको. चरे पडतात."