बुडखे काढायला कुठला पोकलेन? आमच्या वरकशीतला अनुभव

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दापोलीकडच्या आमच्या वरकस (उताराच्या, भातशेतीची नसलेल्या) जागेतलं जवळजवळ निम्मं रान एका दुपारीत आडवं झालं. लाकूड वर्षभरात गेलं, काही फळ्यांना, काही सरपणाला, काही तिथेच कुजलं. बुडखे मात्र राहिले. मोजले तेव्हा ४३ भरले. त्यात १४ हापूसची कलमं, ३ जुने रायवळ (बाठ्यापासून वाढलेले आंबे), बाकी काजू, किंजळ, ऐन आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने कधीतरी लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ. बाबा होते तोवर विषय निघायचा आणि राहून जायचा. गेल्या दिवाळीनंतर मी आणि माझ्या चुलत भावाने (दादा म्हणते मी त्याला) शेवटी मनावर घेतलं. मशीन निवडताना आमचे पैसे आणि दिवस गेले ते दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून सगळं लिहितेय, कारण आम्ही ज्याला ज्याला विचारलं त्याने "जेसीबी घाला आणि मोकळे व्हा" एवढंच सांगितलं.

जेसीबी म्हणजे आपल्याकडे पुढे मोठं खोरं आणि मागे खणायचा हात असलेलं पिवळं मशीन, तेच सगळीकडे मिळतं आणि तासाचा रेटही सगळ्यांना पाठ असतो. मोकळ्या शेतात त्याला तोड नाही. पण आमच्या जागेत वाचलेली झाडं दाट उभी आहेत, आणि त्या मशीनचा मागचा हात पूर्ण गोल फिरत नाही, साधारण अर्ध्या वर्तुळात फिरतो, त्यामुळे प्रत्येक बुडख्याजवळ मशीन रिव्हर्स घ्या, पाय टेकवा, खणा, पाय उचला, परत वळवा. वजन साडेसात टनांच्या आसपास, ते सगळं चार टायरवर, आणि रानात कापलेल्या झुडपांच्या तिरक्या खुंट्या असतात त्या टायरला सुरीसारख्या लागतात. दादाचा कल तरीही जेसीबीकडेच होता, माझा नव्हता. माझं म्हणणं एकच होतं, की बुडखे काढताना जी झाडं वादळातून वाचली त्यांची मुळं तुडवली जाणार असतील तर बुडखे राहिलेले परवडले. आंब्याची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, जड मशीन चार वेळा त्यावरून गेलं की माती अशी दाबली जाते की पाणीही मुरत नाही, आणि झाड तेव्हा काही बोलत नाही, दोन वर्षांनी शेंडे वाळायला लागतात.

मोठा पोकलेन, वीस टनांचा, हा दुसरा सल्ला. (पोकलेन हे खरं तर फ्रान्सच्या एका कंपनीचं नाव, आपण सगळ्याच कंपन्यांच्या खणायच्या मशीनला तेच म्हणतो, मीही इथे तसंच लिहितेय.) तो बुडखा दाढ उपटावी तसा उपटतो हे खरं, पण तो यायला लो-बेड ट्रेलर लागतो, आमच्या वाडीच्या रस्त्याला शेवटचं वळण असं आहे की एसटीसुद्धा दोनदा मागेपुढे घ्यावी लागते. आणि त्याचा बूम, म्हणजे खणायचा लांब हात, वर गेला की वाचलेल्या झाडांच्या फांद्या मोडणार हे नक्की.

मग उरला मिनी पोकलेन. आणि खरा प्रश्न इथे सुरू होतो, कारण मिनी म्हणजे पावणेदोन टनापासून आठ टनांपर्यंत काहीही. पावणेदोन टनवाला जेमतेम मीटरभर रुंद, घराच्या मागच्या दारातून जाईल असा, पाइपलाइनच्या चराला छान, बुडख्याला निरुपयोगी. तीन टनवाल्याची रुंदी दीड मीटरच्या आसपास आणि बकेटची (खणायच्या खोऱ्याची) ताकद साधारण तीन टनांची. पाच टनवाला दोन मीटरच्या जरा आत, बकेटची ताकद चार टनांच्या आसपास आणि खोली साडेतीन मीटरपर्यंत. सात-आठ टनवाला सव्वादोन मीटर रुंद, ताकद साडेपाच-सहा टन. मशीनवाले फोनवर हॉर्सपॉवर सांगतात, बुडख्यासाठी त्याचा फार उपयोग नाही. मशीनचं वजन आणि बकेट आत ओढतानाचा जोर किती हे विचारा, कारण मूळ तुटलं नाही की मशीन स्वतःच उचललं जातं, इंजिन कितीही मोठं असो.

आम्ही पहिल्यांदा तीन टनवाला आणला. स्वस्त पडेल, अरुंद आहे, झाडांमधून सहज जाईल, हा हिशोब. काजूचे आणि कलमांचे बुडखे त्याने भराभर काढले, कारण ते एवढ्या वर्षांत वाळवीने निम्मे खाल्लेले, बकेट लावली की भुसा पडायचा. मग किंजळ आला. किंजळ आणि ऐन कुजत नाहीत, उलट बुडातून फुटतात, आमच्याकडे राबासाठी (भाताचं रोप टाकायची जागा भाजायला) वर्षानुवर्षं कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडलेली ही झाडं, त्यांची मुळं म्हणजे दोरखंड. ऑपरेटरने बकेटचे दात एका आडव्या मुळाखाली घातले आणि ओढलं तर मशीनचा मागचा भाग हातभर वर आला आणि आपटला. तिसऱ्या वेळी त्याने सरळ ओढायचं सोडून मशीन जागच्या जागी वळवून जोर द्यायचा प्रयत्न केला, खाली एक खुंटी होती ती रबरी पट्ट्याच्या आणि आयडलरच्या (पट्टा ज्यावरून फिरतो त्या टोकाच्या चाकाच्या) मधे गेली आणि पट्टा उतरला.

पुढचा दीड तास मी तिथेच उभी होते. पट्टा ताणायला आयडलरच्या मागे ग्रीस भरलेला सिलिंडर असतो, बाजूच्या भोकातून पाना घालून त्याचा व्हॉल्व्ह थोडा सैल केला की दाबलेलं ग्रीस बाहेर येतं आणि पट्टा ढिला पडतो. ऑपरेटरने तोंड बाजूला करून अगदी पाव पाव फेरा पाना फिरवला, मला म्हणाला, "ताई, समोर नका उभ्या राहू, हे ग्रीस गोळीसारखं येतं." काळं ग्रीस जाड किड्यासारखं वळवळत बाहेर आलं. मग बूम जमिनीवर दाबून मशीनची ती बाजू उचलली, पहारीने पट्टा इंच इंच सरकवत आयडलरवर चढवला आणि ग्रीस गनने पंप मारत परत ताणला. पट्ट्याच्या कडेला बोटभर चीर पडली होती, ती बघून त्याचा चेहरा पडला, रबरी पट्टे फार महाग असतात आणि मशीन त्याचं स्वतःचं नव्हतं. मला वाईट वाटलं, चूक आमची होती, कामाला मशीनच लहान पडत होतं.

त्यानंतर आम्ही घाई केली नाही. पाच-साडेपाच टनवाला, लोखंडी पट्ट्याचा, आणि वळताना मागचा भाग पट्ट्याच्या बाहेर न जाणारा (झिरो टेल म्हणतात) असा शोधला. हा झिरो टेल प्रकार दाट झाडीत फार महत्त्वाचा आहे. साध्या मशीनचं शेपूट वळताना दीड-दोन फूट बाहेर जातं आणि ऑपरेटरची नजर पुढे बकेटवर असते, मागच्या कलमाची साल कधी सोलली गेली ते त्याला कळतही नाही. झिरो टेलवाला त्याच वजनाच्या साध्या मशीनपेक्षा जड उचलताना थोडा कमी स्थिर वाटतो हे खरं, पण बुडखा हवेत उचलायचा नसतोच, उलथून बाजूला लोळवायचा असतो. लोखंडी पट्टा डांबरी रस्ता खराब करतो म्हणून मशीन टेम्पोतून थेट जागेत उतरवावं लागलं, आणि उघड्या कातळावर तो घसरतो, पण खुंट्यांच्या रानात रबरापेक्षा बरा. पुढे छोटा ब्लेड (आडवं लोखंडी पातं) असलेलाच घ्या. तो टेकवला की मशीनला पाय मिळतो आणि नंतर खड्डे बुजवायलाही तोच कामाला येतो.

आठ टनवाला का नाही घेतला हे दादाने दहा वेळा विचारलं. रायवळचे तीन बुडखे सोडले तर त्याची गरज नव्हती, आणि त्या तिघांसाठी बाकीच्या सगळ्या जागेत अडीच-तीन टन जास्त वजन फिरवायचं नव्हतं. तुमच्याकडे सगळेच बुडखे दोन फुटांपेक्षा जाड आणि ताजे असतील तर मात्र आठच घ्या, पाच टनवाल्याला तिथे रडवू नका.

मशीनइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्याला पुढे काय लावलंय. आमच्याकडे भाड्याच्या मशीनला बहुतेक वेळा दोन-अडीच फुटी बकेट असते, माती काढायची. ती मुळांवर नुसती घसरते. आम्ही आधीच सांगून फूटभर रुंदीची दातवाली बकेट आणि एका दाताचा रिपर मागवला. रिपर म्हणजे वाकडी जाड नांगी, ती मुळाखाली घालून ओढली की सगळा जोर एका टोकावर येतो आणि मनगटाएवढं मूळ कडाक्कन तुटतं. किंजळ त्यानेच निघाला. बुडख्याच्या तीन बाजूंनी हात-दीड हात लांब चर, प्रत्येक चरात आडवी मुळं रिपरने तोडायची, मग चौथ्या बाजूने ढकलायचं. खाली उतरून बघितलं तर आमच्या जमिनीत दोन-अडीच फुटांवर जांभा लागतो, तिथे मुळं फटीत शिरून अगदी चपटी झालेली, पट्ट्यासारखी, दोन बोटं जाड आणि वीतभर रुंद. सोटमूळ खोल गेलेलंच नव्हतं. म्हणजे आमच्यासारख्या जमिनीत खोलीचा आकडा बघून मशीन घेण्यात अर्थ नाही, आडवी मुळं तोडणारं हत्यार हवं. घाटावर खोल काळ्या मातीत गणित वेगळं असेल.

एक गोष्ट वादळानंतर लगेच कळली असती तर बरं झालं असतं. कटरवाल्याने लाकूड जास्त मिळावं म्हणून झाडं जमिनीलगत कापली. बुडखा काढायचाच असेल तर तीन-चार फूट खोड उभं ठेवायला सांगा. वर जोर लावायला जागा मिळते, लांब पहार लावल्यासारखं होतं. आमच्याकडे दोन ऐन असे कंबरेएवढे राहिले होते ते अर्ध्या तासात पडले आणि त्याच जाडीचा, जमिनीलगत कापलेला ऐन सव्वा तास खाऊन गेला.

ऑपरेटर बघून घ्या. बूम बाजूला फिरवून बुडख्याला धक्के मारणारा असेल तर थांबवा, त्याने वळणाचे गिअर आणि पिना जातात आणि जवळच्या झाडांनाही मार बसतो. दुसऱ्या वेळचा आमचा ऑपरेटर खेडकडचा, पन्नाशीचा, आधी प्रत्येक बुडख्याभोवती चालत एक फेरी मारायचा, पायाने पातेरा (वाळका पाला) बाजूला करून मुळं कुठे चाललीत बघायचा आणि मगच मशीनवर चढायचा. उतारावर ब्लेड खालच्या बाजूला ठेवून, पट्टे बुडख्याकडे सरळ. भरलेली बकेट उताराच्या बाजूला त्याने एकदाही फिरवली नाही.

वेळ दिवाळीनंतरचीच. ओल असते, माती सुटते, पण मशीन रुतत नाही. मे महिन्यात तीच जमीन चिऱ्यासारखी होते. आणि खड्डे मार्चपर्यंत थर देऊन, दाबून बुजवून घ्या, दापोलीला साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, उतारावरचा उघडा खड्डा एका जुलैत ओहोळ होतो. नवीन कलमांसाठी मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे लागतात, तेही त्याच मशीनने त्याच फेरीत मारून घेतले, फक्त बुडख्याच्या जागी नाही, बाजूला सरकवून.

भाडं ठरवताना डिझेलसकट की बिगर डिझेल, कमीत कमी किती तास धरणार, आणि तास रस्त्यावरून सुरू होतात की जागेत उतरल्यावर, हे तीनही आधीच बोलून घ्या. आणि उभ्या झाडाला मशीन लावायचं असेल तर आधी परवानगी. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, साग हे सगळे आहेत, स्वतःच्या जागेतले असले तरी. आमचे वादळात पडलेले होते आणि तेव्हाचा पंचनामा जपून ठेवला होता म्हणून कुणी विचारलं तरी दाखवायला कागद होता.

४३ पैकी २७ काढले. कुजत आलेले बाकीचे तसेच ठेवलेत, दोन पावसांत ते मातीच होतील, त्यांच्यासाठी डिझेल जाळण्यात अर्थ नव्हता. रायवळचे दोन निघाले, सोबत दीड दिवस गेला. तिसरा विहिरीच्या वर आहे. खेडच्या ऑपरेटरने फेरी मारली, खाली वाकला, विहिरीच्या चिऱ्यांमधून बाहेर आलेलं अंगठ्याएवढं मूळ दाखवलं आणि म्हणाला, "ताई, ह्याला मी हात लावणार नाही, ह्यानेच तुमची भिंत धरलीय." दादाने आता त्याच्यावर मिरीचा वेल चढवलाय.