पब्लिक कीवर सही-शिक्का मारून पाठवा म्हणे!

फोंड्याला एका औषध स्टॉकिस्टकडे मी संगणकाचं सगळं बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरच्या अडकलेल्या कागदापासून डेटाबेसपर्यंत. औषध कंपनीच्या सर्व्हरवरून रोज रात्री दर आणि बॅचची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) उतरवून आमच्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरायची, आणि दिवसभराची विक्री तिकडे चढवायची, एवढंच काम. आधी बिलिंगवाले हे हातानेच करत. चवथीला ते गावी गेले की बिलं जुन्याच दराने फाटत. म्हणून म्हटलं, एसएफटीपी (सुरक्षित मार्गाने आपोआप फाइल पाठवायची सोय) लावून मोकळं होऊ.

स्क्रिप्टचं काही नाही, ती दुपारच्या जेवणानंतर बसून झाली. घोडं पेंड खाल्लं ते फॉर्मपाशी.

कंपनीच्या आयटी विभागाचा ॲक्सेससाठीचा फॉर्म. त्यात जीएसटी नंबर, आमचा पब्लिक आयपी (इथे १९२.१६८ वाला घरगुती आकडा लिहू नका, ब्रॉडबँडवाल्याकडून स्टॅटिक आयपी आधी घेऊन ठेवा) आणि ‘पब्लिक की’साठी बोटभर रकाना. किल्लीची ही जोडी असते: प्रायव्हेट की आपल्याकडे गुप्त राहते, पब्लिक की समोरच्या सर्व्हरवर ठेवायची, म्हणजे तो पासवर्डशिवाय आपल्याला ओळखतो. त्यांच्या सर्व्हरला ४०९६ बिटची आरएसए कीच हवी होती. ती म्हणजे सातशेहून जास्त अक्षरांची एकच सलग ओळ. रकान्यात मावणार कशी? तर उत्तर आलं, लेटरहेडवर छापा, मालकांची सही आणि शिक्का घ्या, स्कॅन करून पाठवा. मी सोबत कीची मूळ फाइलही जोडली होती. त्यावर, नियमानुसार फक्त सही केलेला कागदच ग्राह्य. मालकांनी सही करताना विचारलं, ‘हे कसलं मंत्राक्षर रे?’ मी काय सांगणार!

मग वाट बघणं. शेवटी ‘ॲक्सेस दिला आहे’ असा मेल. चालवून बघतो तर ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’. कळवलं, तर म्हणे आमच्याकडून सगळं बरोबर आहे, तुमचा फायरवॉल तपासा. अहो, फायरवॉलने अडवलं असतं तर बहुतेक वेळा कनेक्शन टाइमआउट झालं असतं. परमिशन डिनाइड म्हणजे आम्ही दारापर्यंत पोचलो, आतल्याने ओळख दाखवली नाही. हे लिहून पाठवलं, तर तिकीट ‘रिझॉल्व्ह्ड’ म्हणून बंद! उघडलं, पुन्हा बंद. सर्व्हरचा लॉग (नोंदवही) मागितला तर तो गोपनीय.

तुम्ही अशा जागी अडकलात तर वाद घालू नका, कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची छोटी ओळखखूण, मागा. एसएसएच-कीजेन या कमांडला स्मॉल एल आणि एफ हे पर्याय देऊन कीची फाइल दाखवली की ‘एसएचए२५६’ने सुरू होणारी छोटी खूण मिळते. दोन्हीकडची खूण जुळली पाहिजे. त्यांच्याकडून फोनवर आलेला मुलगा भला होता, त्याने लगेच चालवून बघितलं. त्यांच्याकडची फाइल ही पब्लिक कीच नाही, असं उत्तर आलं. स्कॅनमधून मजकूर उचलला होता, त्यामुळे एका ओळीच्या दहा ओळी झालेल्या, शून्य आणि ओ यांचा गोंधळ वेगळाच. मी म्हटलं, माझ्या पहिल्या मेलला फाइल जोडलेली आहे बघा. त्याने ती टाकली आणि फोन चालू असतानाच मी आत शिरलो. आनंद झाला, पण राग त्याहून मोठा होता.

बाकी आठवेल तसं सांगतो. क्रॉनमधून (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) चालवताना कमांडचे पूर्ण पाथ द्या आणि बॅचमोड, म्हणजे काहीही न विचारता चालणं, चालू ठेवा, नाहीतर स्क्रिप्ट पासवर्डच्या प्रश्नापाशी अडकू शकते. प्रायव्हेट कीला परमिशन ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी), नाहीतर एसएसएच ती हातातच धरत नाही. होस्ट की (समोरच्या सर्व्हरची स्वतःची ओळख) तपासणं बंद करा असा सल्ला बरेच जण देतात, ऐकू नका. समोरच्याची खूण एकदा फोनवर पडताळून घ्या. फाइल चढवताना आधी तात्पुरत्या नावाने चढवा आणि पूर्ण झाली की नाव बदला, म्हणजे अर्धी फाइल कुणी उचलत नाही. पोस्टग्रेसमध्ये थेट मुख्य टेबलात भरू नका. आधी स्टेजिंग (तात्पुरतं) टेबल, तिथे ओळी मोजा, मग एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं तरी जाईल नाहीतर काहीच नाही, असं पुढे. आणि स्क्रिप्टच्या दोन फेऱ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून एफलॉक (एका वेळी एकच फेरी चालू देणारं कुलूप) वापरा. पावसात इथे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. हाताने बनवलेली लॉक फाइल मागे तशीच पडून राहते, एफलॉक मात्र प्रोसेस मेली की आपोआप सुटतं.

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, पब्लिक की दरवर्षी बदलणं बंधनकारक. पुढच्या खेपेला फिंगरप्रिंट मीच समासात लिहून पाठवणार, रकाना असो वा नसो.