समुद्रापासून चालत पाच मिनिटं

घर विकायला काढलंय. आई-बाबांचं, समुद्राजवळचं. आम्ही तिघं भावंडं तीन दिशांना, तिथे जाऊन कुणीच राहणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त पहिलं कोण बोलणार एवढंच बाकी होतं. शेवटी ताई बोलली.

जाहिरात लिहायचं काम माझ्या गळ्यात (तू ब्लॉग लिहितेस ना, मग लिही). पहिलं वाक्य ब्रोकरने आधीच देऊन ठेवलेलं, 'समुद्रापासून चालत पाच मिनिटं'. आता ही पाच मिनिटं कधीची? ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की चांगली दहा लागतात आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तीन मिनिटांत पाय भिजतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे आमचा पोहायला जायचा टाइम रोज वेगळा. मला शाळेचं वेळापत्रक पाठ नसायचं, हे असायचं.

फोटो मस्त आलेत. फक्त फोटोत मीठ दिसत नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, लाट फुटली की त्याचे बारीक थेंब वाऱ्यावर उडतात आणि थेट घरात येऊन बसतात, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, पंखा, फ्रिजची मागची बाजू, काही सोडत नाहीत. मीठ हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून दमट दिवसात भिंत हाताला ओलसर लागते. खालच्या भिंतींना तर लोणा लागलेला कायमच. बाबा दर रविवारी खिडक्यांचे गज गोड्या पाण्याने पुसायचे, आम्ही हसायचो, म्हणजे सुट्टीच्या दिवशी कोण गज पुसतं? बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून कुणीच पुसले नाहीत.

मागच्या बाल्कनीच्या स्लॅबचं प्लास्टर पडलं तेव्हा एका माणसाला बोलावलं. त्याने हातोडीने ठोकत ठोकत अख्खी बाल्कनी फिरली, कुठे टणटण, कुठे डबडब. डबडब म्हणजे आतून सुटलंय. एरवी काँक्रीट आतल्या सळईला गंजू देत नाही, सिमेंटमुळे तिच्यावर एक पातळ थर धरलेला असतो, पण मीठ झिरपत सळईपर्यंत पोचलं की तो थर तुटतो. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दुपटीहून जास्त, मग तो आतून काँक्रीट फोडूनच बाहेर येतो. हे ऐकताना मला ते गज आठवत होते, दुसरं काही नाही.

दादा म्हणाला, 'अगं प्लास्टर मारून रंग दे, कोण बघतंय.' मोठं भांडण झालं. त्याचंही अगदीच चूक नाही, बँकेचे हप्ते त्याच्या डोक्यावर आहेत. पण तो माणूस सरळ म्हणालेला की खारट काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढलं नाही तर नुसत्या ठिगळाच्या शेजारूनच नवा गंज सुरू होतो. म्हणजे जे कुणी घेईल त्यांच्या डोक्यावर ते दोन-तीन वर्षांत पडणार. कदाचित शब्दशः.

बघायला येणारे सगळे आधी पुढच्या बाल्कनीत जातात. 'वा, काय हवा आहे!' मग सेल्फी. एकाने नळ उघडून पाहिला नाही, खिडकी सरकवून पाहिली नाही (सरकत नाही ती, दोन हातांनी ओढावी लागते).

मागच्या आठवड्यात मात्र एक नवरा-बायको आले, साठीचे असतील. काकू समुद्राकडे बघायच्या आधी खिडकीच्या काचेवरून बोट फिरवून चक्क जिभेला लावून म्हणाल्या, 'बरेच दिवस पुसली नाहीये.' मला एकदम रडूच आलं, त्यांना वाटलं मी ओशाळले. मग विचारलं, 'सळ्या कुठे उघड्या पडल्यात?' मी मागे नेऊन दाखवलं. दादा फोनवर होता, बरं झालं.

परत येतो म्हणालेत, त्यांच्या ओळखीचा इंजिनिअर घेऊन. भाव पाडून मागणार हे नक्की.

मी बाल्कनीचा फोटो जाहिरातीत टाकलाय, आठवा, शेवटून दुसरा. पाच मिनिटंवालं वाक्य तसंच आहे, दादा ते काढू देत नाही. आणि काल निघायच्या आधी गज पुसले. अर्धेच झाले, पाण्याची टाकी संपली.