हळिवाची तिसरी खेप, आणि पाण्याचं गणित

घरी हळिवाचे कोवळे अंकुर उगवायची तिसरी खेप जमली! पहिल्या दोन वेळा मी हळीव मुगा-मटकीसारखे भिजवून फडक्यात बांधले आणि दोन्ही वेळा हाती नुसता गिळगिळीत गोळा आला. पाणी लागलं की काही मिनिटांतच हळिवाच्या दाण्याभोवती सब्जासारखं बुळबुळीत आवरण धरतं. दाणे एकमेकांना चिकटतात, आत हवा खेळत नाही आणि आपल्या मुंबईच्या दमट हवेत लगेच आंबूस वास सुटतो.

यंदा भिजवलेच नाहीत. मिठाईच्या रिकाम्या डब्यात सुती फडकं ओलं करून, घट्ट पिळून अंथरलं. त्यावर कोरडे दाणे चिमटीने विरळ पेरले. पाणी फक्त फवाऱ्याने, सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पांढरे मोड. चौथ्या दिवशी मुळांवर पांढरी लव दिसली आणि पोटात गोळा आला, पण फवारा मारताच ती बसली. बुरशी अशी बसत नाही, हे लक्षात ठेवा. पहिल्याच पानाला तीन बोटं फुटतात, फार देखणी दिसतात. आठव्या दिवशी कात्रीने कापले. हळीव मोहरीच्या कुळातला, त्यामुळे चव तिखट, जराशी नाकात जाणारी. काकडीच्या कोशिंबिरीत लिंबू पिळून घातले, घरात सगळ्यांना आवडले.

उरलेल्या ५० ग्रॅमचे लाडू केले. इथेही पाण्याचंच गणित. आई म्हणते, नारळपाणी हळीव जेमतेम बुडतील इतकंच घाल. दोन तासांत ते सगळं पिऊन फुगले, मग खवलेला नारळ आणि गूळ घालून मंद आचेवर कडा सुटेपर्यंत परतलं. वर जायफळ. २० लाडू झाले. ओला नारळ असल्याने फ्रीजमध्येच ठेवले.

लोहाबद्दल मात्र एक सांगायलाच हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम हळिवात १०० मिलिग्रॅम लोह दिलंय, २०१७ च्या तक्त्यात ते सुमारे १७ आहे. माझ्या एका लाडवात हळीव अडीच ग्रॅम, म्हणजे नव्या आकड्याने लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्याही आत. बाळंतिणीला लाडू जरूर द्या, पण डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्यापायी बंद करू नका. हळिवात प्रथिनं आणि तेल मात्र प्रत्येकी पाव हिश्शाच्या आसपास, आणि त्या तेलात जवसासारखं ओमेगा-३ असतं.

पुढची खेप फडक्याऐवजी कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, पेरणार आहे. दाणे तसेच, कोरडे.