गोचीड निघाली, पण...

व्हिडिओ कॉलवर ताईनं पाय कॅमेऱ्यासमोर धरला. गुडघ्यामागे लाल चट्टा, मध्ये फिकट, भोवती कडं. अमेरिकेत, कनेक्टिकटमधल्या तिच्या घरामागच्या गवतात आठवड्यापूर्वी गोचीड चावली होती.

"निसर्गोपचारवाल्या म्हणाल्या, महिनाभर काढा अन् पथ्य, मग बघू."

आई औशाच्या घरी ओसरीत शेंगा फोडत बसली होती. जन्मभर म्हशीच्या कासेवरच्या गोचिड्या वेचलेली बाई. एवढंच म्हणाली, "गोचीड निघाली गं बाई, पण तिनं रगतात काय सोडलं ते कोण काढणार?"

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

असा चट्टा लाईमचा असू शकतो. लाईम हा गोचीड चावल्यानं होणारा, बोरेलिया नावाच्या जीवाणूचा आजार. नावही कनेक्टिकटमधल्याच लाईम गावावरून पडलंय. चट्टा इतका स्पष्ट असेल तर डॉक्टर रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत, कारण सुरुवातीला अँटिबॉडी (जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) तयार झालेल्या नसतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स १० ते १४ दिवसांचा. उशीर झाला तर सांधे, हृदय, मज्जातंतूंपर्यंत जातं.

ताई भोळी नाही. त्या बाईंनी तासभर तिचं ऐकून घेतलं, झोप विचारली, खाणं विचारलं. आपल्याकडं दवाखान्यात दोन मिनिटांत चिठ्ठी हातात पडते. माणूस ऐकणाऱ्याकडंच जाणार. हळदीच्या दुधावर, लंघनावर माझाही जीव आहे. पण काढ्यानं हा जीवाणू मरतो, याचा पुरावा नाही.

रात्री परत फोन केला. "डॉक्टरकडं गेलीस का?"

"उद्या बघते."

मला झोप नाही. लांबच्या माणसाला न दुखावता कसं समजावता तुम्ही?