चुकलेलं दार

आज दुपारी भांडी तशीच सिंकमध्ये टाकून 'हाऊस ऑफ हमिंगबर्ड' बघत बसले. किम बोरा या कोरियन बाईचा हा पहिला मोठा सिनेमा, २०१८ चा.

काळ १९९४, शहर सोल. चौदा वर्षांची उनही दाराची बेल वाजवतेय, आईला हाका मारतेय, शेवटी रडकुंडीला येऊन दार बडवतेय. आतून चकार शब्द नाही. मग नंबर बघते तर ९०२! हिचं घर १००२. एक मजला चढून जाते, आई दार उघडते, विषय संपला. मी मात्र तिथेच अडकले.

आईबापांचं तांदळाच्या केकचं दुकान, मारकुटा भाऊ, त्याचं कुणालाच काही नाही. एक धाकटी मुलगी उनहीच्या प्रेमात पडते. सुट्टीनंतर तीच म्हणते, ते गेल्या सत्रातलं होतं. झालं! पोरीपोरींचं हे सगळं बोरा इतकं सहज दाखवते, कुठे ढोल नाही की भाषण नाही.

ऑक्टोबरमध्ये सोंगसू पूल कोसळतो. ते खरंच घडलं होतं, ३२ माणसं गेली. पुढचं सांगत नाही, बघा.

शेवटाकडे आई बटाट्याची धिरडी करते. पोरगी मुकाट्याने खातेय, आई नुसती बघतेय.

भांडी अजून तशीच आहेत.